विनयाचं इंजिन

श्रीकांतभावोजींचा, म्हणजे विनयाच्या नवऱ्याचा, फोन आला तेव्हा मी टेबलावर एका नव्या इलेक्ट्रॉनिक कार्डाशी भांडत बसले होते. भांडत म्हणजे खरोखरच. बोर्ड ऐकेनासा झाला की मी आधी त्याला चार शब्द सुनावते आणि मगच सोल्डरिंगची कांडी हातात घेते, ही माझी जुनी खोड आहे. सकाळचा चहा नुकताच झाला होता. "माधवीताई," भावोजी म्हणाले आणि थांबले... कोयलीच्या रिफायनरीत सगळी नोकरी काढलेला हा माणूस, यंत्रांच्या आवाजावर मात करत मोठ्यांदा बोलायची सवय लागलेला, आणि त्या दिवशी त्यांचा आवाज मला ऐकूच येईना. "विनया गेली हो. कमाटीबागेत फिरायला गेली होती. बाकावर बसली, आणि..." मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलता! काल संध्याकाळी तर माझं डोकं खाऊन गेली." काल डोकं खाल्लेला माणूस आज मरूच शकत नाही, असा कायदा मी तिथल्या तिथे करून टाकला होता.

त्याला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे येऊन गेले. जो तो म्हणाला, "किती शांत स्वभावाची होती!" मेलं की माणूस लगेच शांत स्वभावाचं होतं, ही आपल्याकडची गंमतच आहे. विनया शांत वगैरे मुळीच नव्हती. कमी बोलायची, हे खरं. पण तेवढ्यातही समोरच्याला घाम फोडायची. हट्टी, चिवट, आणि एकदा दात रोवले की न सोडणारी. मी हे लिहायला बसले आहे ते हळहळायला नाही. हळहळ काय, ती रोज होतेच आहे, पोळ्या लाटताना होते, रिक्षात बसल्यावर होते. मला तिची एक जिंकलेली लढाई सांगायची आहे. एका इंजिनासाठी ती लढली आणि जिंकली. ती गेली आणि तेच इंजिन बाहेर फेकायची वेळ आली, म्हणून तर माझ्या मनात हे सगळं पुन्हा उसळून आलं.

आम्ही दोघी बडोद्याच्या, पाणीगेटच्या. तिचे वडील रेल्वेत, माझे कचेरीत; भिंतीला भिंत लागून घरं आणि एकच मराठी शाळा. घरात मराठी, बाहेर ओटल्यावर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, गुजराती, आणि भांडण फारच पेटलं तर हिंदी, अशी आमची रीत. गल्लीतल्या खेळात विनयाचा एक कायमचा तंटा असे. मोठी मुलं सांगतील तो नियम ती जसाच्या तसा मानायचीच नाही. "आपली गल्ली एवढीशी आहे ने, मग मैदानातला नियम इथे कसा चालेल? जे खेळतात त्यांनी ठरवायचं!" यापायी तिला कितीदा तरी खेळातून हाकललं. ती ओटल्यावर फुरंगटून बसायची, पण माघार म्हणून नाही. मी मात्र मिळेल त्या नियमाने खेळून घ्यायचे आणि मग तिच्यापाशी जाऊन बसायचे. "दगाबाज," ती म्हणायची आणि मला जागा करून द्यायची.

पॉलिटेक्निकलाही आम्ही बरोबरच होतो. तिला पहिली नोकरी लागली ती हायवेवरच्या एका सरबताच्या कारखान्यात. बाटल्या भरणारं मशीन परदेशी, झगझगीत. एके दिवशी नव्या आकाराच्या बाटल्या आल्या. मशीनमधला एक आकडा बदलला असता तर काम झालं असतं, पण पॅनलला कुलूप. किल्ली, म्हणजे तो परवलीचा शब्द, मशीन विकणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरकडे, आणि इंजिनिअर कुठे तर दूर दुसऱ्या राज्यात. तो येईपर्यंत लोक हात बांधून बसले आणि टाकीतलं सरबत आंबलं. विनयाने पॅनल उघडायला हात पुढे केला तर सुपरवायझर ओरडला, "बेन, हाथ ना लगाडशो!" संध्याकाळी ती माझ्या घरी आली ती तणतणतच. "अगं माधे, मशीन यांचं, माल यांचा, घाम यांचा... आणि एक आकडा बदलायला परवानगी मात्र दुसऱ्याची! हा काय प्रकार आहे?" मी म्हटलं, "जगाची रीत आहे." ती म्हणाली, "मग रीत चुकीची आहे." आईने पुढे ठेवलेल्या पोह्यांना तिने हात लावला नाही. विनयाने पोहे नाकारले म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

पुढे आम्ही दोघी मकरपुऱ्याला महेंद्रभाईंच्या लहानशा कंपनीत लागलो आणि तिथेच मुरलो. मी कार्डं बनवायची, तिने त्यांत जीव घालायचा, अशी वाटणी. आमचं कार्ड कापसाच्या जिनमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, बसतं. सरकी काढलेली रुई पट्ट्यावरून धावत असते. तिच्यात खताच्या पिशवीचे निळे धागे, प्लॅस्टिकच्या चिंध्या, ओढण्यांचे तुकडे, असं काय काय मिसळलेलं असतं. वरून कॅमेरा बघतो, कार्ड ठरवतं की हा कचरा की ही रुई, आणि जरा पुढे बसवलेल्या नळीतून हवेचा झोत येऊन कचरा बाजूला उडवतो. सगळा खेळ वेळेचा. ठरवायला जरा उशीर झाला की कचरा पुढे सटकतो आणि झोत बिचाऱ्या चांगल्या रुईवर बसतो.

आता कचरा कशाला म्हणायचं, हे गावागावाला वेगळं. कुठे निळी दोरी जास्त, कुठे लाल चिंधी, कुठे कापूसच जरा पिवळट, त्याला कचरा समजलं तर मालकाचं दिवाळं. इतर कंपन्यांच्या कार्डांत हे नियम पक्के ठोकलेले असायचे. बदलायचे तर इंजिनिअर बोलवा. विनयाने आमच्या कार्डात एक चिमुकलं इंजिन बसवलं. इंजिन म्हटलं की डिझेलचा वास येतो, पण हे नुसतं सॉफ्टवेअर. जिनच्या मालकाने साध्या शब्दांत नियम लिहायचा, रंग असा असेल आणि लांबी तशी असेल तर उडव, आणि इंजिनाने तो जागच्या जागी वाचून अमलात आणायचा. ना कुलूप, ना परवलीचा शब्द. आणि काय सांगू, लोकांनी काय काय नियम लिहिले! एका गृहस्थांच्या काकू शेतात कापूस वेचायला यायच्या आणि त्यांच्या जांभळ्या ओढणीचे धागे हमखास रुईत सापडायचे. त्यांनी खास नियम केला आणि त्याचं नाव ठेवलं 'काकीनी ओढणी'. विनयाने ते वाचलं त्या दिवशी हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बघ माधे," ती म्हणाली, "कुठला इंजिनिअर लिहिणार होता हा नियम?"

बरीच वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग करजणच्या जशुभाईंनी नवी लाइन घातली. जशुभाई म्हणजे आमचे सगळ्यांत जुने आणि सगळ्यांत मोठ्या आवाजाचे गिऱ्हाईक. नवा पट्टा जुन्याच्या कितीतरी पट वेगाने पळायचा, आणि आमचं कार्ड धापा टाकत मागे राहिलं. कचरा निघून जायचा, मग मागून झोत. जशुभाईंनी फोनवर महेंद्रभाईंना जे काही ऐकवलं ते आम्हाला दाराबाहेरून ऐकू आलं. फोन ठेवून महेंद्रभाई बाहेर आले. माणूस वाईट नाही, पण धंदेवाला आहे. म्हणाले, "विनयाबेन, एंजिन तमने दीकरा जेवुं छे, मुलासारखं, हुं जाणुं छुं. पण सीझन माथे छे. नियम वाचत बसायला टाइम नथी त्याला. करजणला चाललं तर ठीक. नाही चाललं तर एंजिन बाहेर, सगळ्या कार्डांतून. पक्के नियम ठोकून देऊ आणि बदलायचे असतील तर आपला माणूस जाईल."  विनयाचा चेहरा मला पाणीगेटच्या ओटल्यावरचा दिसला.

मी तिला म्हटलं, "आणखी वेगाची चिप टाकू का?" म्हणाली, "चिप चांगली आहे गं तुझी. मीच तिला नीट वापरत नाहीये. बिल्ड बघते." बिल्ड म्हणजे काय ते माझ्यासारख्या कांडीवाल्या बाईच्या भाषेत सांगते. माणसाने लिहिलेला प्रोग्राम चिपला कळत नाही. कंपायलर नावाचं सॉफ्टवेअर तो चिपच्या बोलीत उतरवतं, आणि ते करण्याला बिल्ड म्हणायचं. त्या वेळी कंपायलरला सांगावं लागतं, बाबा रे, जागा वाचव की वेळ वाचव. आमच्या पहिल्या कार्डात मेमरी इतकीशी होती की विनयाने त्याला 'जागा वाचव' असं बजावून ठेवलं होतं. ट्रंकेत कपडे ठासून भरावेत तसं ते इंजिन आत बसवलेलं, आणि एक ब्लाउज हवा तर अख्खी ट्रंक उपसा. पुढे मी मोठ्या मेमरीची कार्डं बनवली, म्हणजे घर मोठं झालं, कपाटं आली, पण ट्रंक काही कोणी रिकामी केली नव्हती. चालतंय ना, मग कशाला हात लावा, असं सगळ्यांचंच झालं होतं.

विनयाने हात लावला. 'जागा वाचव' काढून 'वेळ वाचव' केलं. सुरुवातीच्या काळात चुका सापडाव्यात म्हणून इंजिनात पावलोपावली तपासण्या पेरलेल्या होत्या, त्या गिऱ्हाइकाकडे जाणाऱ्या बिल्डमध्येही तशाच राहून गेल्या होत्या, त्या उपटल्या. दशांशाची गणितं चिपला झटकन जमतील अशा रीतीने करायला लावली. इंजिनाचा जो भाग सारखा फिरतो तो चिपच्या सगळ्यात चपळ मेमरीत नेऊन ठेवला. प्रत्येक बदलानंतर ती कार्ड टेबलावर चालवून बघायची आणि फरक पडला की माझ्या टेबलावर नुसती टिचकी मारायची. तिची टिचकी ऐकली की मी कांडी खाली ठेवून बघायला जायचे. आणि मग तिने हुकमाचा पत्ता काढला. इंजिन आधी कार्डावर चालवायचं, ते कुठल्या वाटेने जास्त ये-जा करतं याची नोंद केबलने बाहेर काढायची, आणि ती नोंद कंपायलरच्या हाती देऊन पुन्हा बिल्ड करायचा. मग तो रोजच्या वहिवाटीचे रस्ते सरळ करतो आणि क्वचितच्या वाटा बाजूला सारतो. विनया याला 'तालीम' म्हणायची. तालमीसाठी तिने स्वतः नियम लिहिले, रेकॉर्ड केलेल्या रुईवर ते चालवले, बिल्ड केला... आणि आमच्या टेबलावर ते कार्ड असं धावलं म्हणता! महेंद्रभाईंनी स्वतः सगळ्यांना चहा दिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं करजणला. कार्ड बसवलं, जशुभाईंची नियमांची फाइल त्यात चढवली, पट्टा सुरू केला. जशुभाईंनी निळा धागा टाकला. झोत आला. उशिरा आला. पूर्वीपेक्षा बरा, पण उशिराच. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. जशुभाई कपाळाला हात लावून म्हणाले, "बेन, आ तो एनुं ए ज छे." हे तर जैसे थेच! महेंद्रभाईंनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. आता काय होणार ते मला माहीत होतं. टेबलावर धावणारं कार्ड इथे आल्यावर का लंगडावं, तेच कळेना.

विनया मात्र सरळ जशुभाईंच्या ऑफिसात जाऊन बसली. म्हणाली, "जशुभाई, तुमची फाइल जरा मोठ्या स्क्रीनवर दाखवा ने." जशुभाईंनी गाठिये आणि तळलेल्या मिरच्या मागवल्या आणि फाइल उघडली. ती खाली खाली जात राहिली. संपेचना! जशुभाईंनी इतक्या हंगामांत लिहिलेला एकही नियम कधी पुसला नव्हता. एकाखाली एक, एकाखाली एक. निळ्या दोरीचा जुना, निळ्या दोरीचा नवा, मध्येच कुठल्या तरी वर्षी आलेल्या केशरी ताडपत्रीचा. "हा केशरी कशाला ठेवलाय? ती ताडपत्री तर फाटून गेली असेल," विनयाने विचारलं. जशुभाई गाठिया चावत म्हणाले, "राखो ने बेन, काम लागशे." कधीतरी उपयोगी पडेल! गुजराती घरात दोरीचा तुकडा, रिकामा डबा, लग्नातली पिशवी, काही म्हणून फेकत नाहीत, हे आम्हा पाणीगेटवाल्यांना का ठाऊक नाही? तोच संसार त्यांनी फाइलमध्ये थाटला होता. विनया स्क्रीनकडे बघत राहिली, आणि एकदम खो खो हसत सुटली. मला वाटलं, झालं, हिचं डोकं फिरलं.

"माधे, अगं मी कसली बावळट!" ती म्हणाली. "मी तालमीला नियम कसले दिले? शाळेत बाईंना दाखवायच्या वहीतल्यासारखे. नेटके, आखीव, चार ओळींत संपणारे. इंजिनाने माझ्या नियमांची वाट पाठ केली. आणि हे नियम बघ! घरच्या हॉलमध्ये सोफे सरकवून गरबा घोटायचा आणि मैदानातल्या गर्दीत उतरायचं, तसं झालं त्याचं." मग महेंद्रभाईंकडे वळून म्हणाली, "मला सगळ्या गिऱ्हाइकांच्या खऱ्या फायली पाहिजेत. जशा आहेत तशा." महेंद्रभाई म्हणाले, "कोण देणार? धंद्याचं गुपित आहे ते." आणि ते खरंच होतं. कुठला माल कसा निवडायचा, हे जिनवाला सख्ख्या भावालाही सांगत नाही.

पण विनयाने फोन लावायला घेतले. तिची गुजराती अस्सल मराठी वळणाची, त्यामुळे फोन उचलणारा 'हॅलो'नंतरच्या पहिल्याच शब्दाला ओळखायचा की ही विनयाबेन. या लोकांना तिने वर्षानुवर्षं फोनवर नियम लिहायला शिकवलं होतं, एकदाही न वैतागता. वैताग ती सगळा माझ्यासाठी राखून ठेवायची. ती प्रत्येकाला सरळ सांगायची, फाइल मकरपुऱ्याच्या खोलीबाहेर जाणार नाही, दुसऱ्या जिनवाल्याला दिसणार नाही, फक्त इंजिनाच्या तालमीला पाहिजे. मी बाजूला बसून ऐकत होते. एक जण अडखळला, दुसऱ्याने विचार करून सांगतो म्हटलं, आणि मग एका म्हाताऱ्या शेठचा आवाज फोनबाहेर आला, "बेन, तमने ना केम पडाय?" तुम्हाला नाही कसं म्हणायचं! विनयाने फोन ठेवला, पदराने चष्मा पुसला, आणि मला म्हणाली, "बघतेस काय? पुढचा नंबर सांग." अडखळलेल्यानेही शेवटी पाठवली. विचार करून सांगतो म्हणणाऱ्याने तर सगळ्यात आधी पाठवली. बडोद्यापासून पार सौराष्ट्रापर्यंतच्या कापसाची सगळी गुपितं आमच्या एका खोलीत गोळा झाली, आणि त्यातली एकही आजतागायत बाहेर गेलेली नाही.

मग झाली खरी तालीम. इंजिनाला तिने सगळ्यांचे नियम चालवायला लावले, वेडेवाकडे, लांबलचक, अर्धे मेलेले, सगळे. नवी नोंद निघाली. कंपायलरला दिली. नव्या बिल्डचं कार्ड घेऊन आम्ही पुन्हा करजणला निघालो तेव्हा दसरा होऊन गेला होता आणि जिनच्या अंगणात कापसाच्या पहिल्या गाड्या उभ्या होत्या. महेंद्रभाई गाडीत सारखे घड्याळ बघत होते. विनया मात्र वाटेत पेरू घ्या म्हणून हटून बसली आणि मीठ लावून एकटीने खाल्ला.

जशुभाईंनी पट्टा सुरू केला आणि निळा धागा टाकला. फट्! धागा डब्यात. आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्यांनी दुसरा टाकला. फट्! तोही डब्यात, आणि रुई जशीच्या तशी पुढे. मग त्या माणसाला चेवच चढला. प्लॅस्टिकची चिंधी टाकली, सुतळी टाकली, पानाच्या पुडीचा कागद टाकला, शेवटी खिशातला रुमाल काढून त्याचा कोपरा टर्रकन फाडून टाकला. सगळं डब्यात! जशुभाई लहान मुलासारखे पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होते आणि दर फटक्याला ओरडत होते, "वाह बेन! वाह!" महेंद्रभाई घाम पुसत हसत होते. मी तर नाचायचीच बाकी होते. आणि विनया? कमरेवर हात ठेवून म्हणाली, "जशुभाई, लाइन आणखी पळवता येते का? पळवा ने." त्यांनी पट्टा होता नव्हता तेवढ्या वेगावर नेला. रुईचा नुसता पांढरा लोट. आणि झोत चुकला नाही, एकदाही नाही! मी आयुष्यात बरीच कार्डं बनवली, बरी चालणारी, उत्तम चालणारी. पण त्या दुपारी मला जो अभिमान वाटला तसा ना आधी वाटला, ना नंतर. मी तिला तिथेच, सगळ्यांसमोर, कापसाने माखलेल्या साडीसकट घट्ट मिठी मारली. "सोड गं, लोक बघतायत," ती म्हणाली, पण सोडवून काही घेतलं नाही तिने.

बडोद्याला परतल्यावर आम्ही दोघींनी सेव-उसळ खाल्ली, इतकी तिखट की नाकाडोळ्यांतून पाणी. महेंद्रभाईंनी सगळ्या गिऱ्हाइकांना नवा बिल्ड पाठवायला सांगितलं, आणि इंजिन बाहेर काढायची भाषा त्यानंतर कोणी केली नाही. जुन्याच कार्डांवर, नवी चिप न टाकता, सगळ्यांची मशीनं अशी पळायला लागली की लोक फोन करून विचारायचे, काय जादू केली? विनया म्हणायची, "तुमच्याच नियमांनी तुमचं मशीन पळतंय, मी काय केलं?" हे खोटं होतं. पण बोलायची पद्धत असते एकेकाची.

आणि मग ती कमाटीबागेतल्या बाकावर बसली... नेमकी त्याच सुमाराला आमच्या कार्डावरची चिप बाजारात मिळेनाशी झाली होती. मी नव्या चिपचं कार्ड बनवत होते. भावोजींच्या फोनच्या वेळी माझ्यासमोर होतं ते तेच. नवी चिप म्हणजे इंजिनाचा नवा बिल्ड. दिवसकार्य आटोपल्यावर महेंद्रभाई माझ्या टेबलापाशी आले, खुर्ची ओढून बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "माधवीबेन, विनयाबेन नथी. एंजिन आता कोण संभाळशे? नव्या कार्डात पक्केच नियम टाकून देऊ." त्यांचं काही फार चुकत होतं असं नाही. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती गेली त्याला पंधरवडा होत नाही तोच तिचं इंजिनही पोचवायचं? मी म्हटलं, "महेंद्रभाई, मला एकदा तालीम करू द्या. करजणला नाही चाललं तर मी स्वतःच्या हाताने ते काढून देईन." मला हे बोलायला काय जात होतं! मी कांडीवाली बाई; बिल्ड मी जन्मात कधी केला नव्हता.

पण विनयाने सगळा बिल्ड एका कमांडला बांधून ठेवला होता. आणि त्यात तिचा हट्टही बांधलेला. सगळ्या गिऱ्हाइकांचे नियम कार्डावर चालून झाल्याशिवाय बिल्ड पुरा होतच नाही. एकालाही वगळायची सोय नाही. नव्या चिपसाठी काय काय बदलायचं ते मी धडपडत, चुकत, स्वतःला शिव्या घालत बदललं. जशुभाईंनी त्याच आठवड्यात एक नवा नियम लिहून पाठवला होता, हिरव्या जाळीच्या तुकड्यांसाठी; विनयाने न पाहिलेला पहिला नियम. तोही मी तालमीत घातला आणि कमांड दिली. स्क्रीनवरून एकेका गावाचे नियम सरकायला लागले. महेंद्रभाई मागे येऊन उभे राहिले. "केटली वार?" किती वेळ लागेल, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "सगळ्यांची तालीम झाली की." ते थोडा वेळ उभे राहिले आणि मग बसले, शेवटचं गाव सरकून जाईपर्यंत.

परवा आम्ही ते कार्ड घेऊन करजणला गेलो. जशुभाईंनी पट्टा पूर्ण वेगात सोडला आणि हिरव्या जाळीचा तुकडा टाकला. मी हात पदरात गुंडाळून ठेवले होते. फट्! तुकडा डब्यात. मग त्यांनी मूठभर कचरा उधळला, सगळ्या रंगांचा, आणि झोतांचा असा ताशा वाजला की कानठळ्या बसाव्यात. रुई स्वच्छ, पांढरीशुभ्र, पुढे चाललेली. महेंद्रभाई माझ्या कानाशी येऊन ओरडले, "रहेवा दो एंजिन! बधा कार्डमां रहेवा दो!" राहू द्या, सगळ्या कार्डांत राहू द्या. मी रडत होते की हसत होते कोण जाणे, दोन्ही एकदमच चाललं होतं. एरवी कार्डाच्या दुरुस्तीला करजणला मी एकटीच जायचे आणि विनया मकरपुऱ्यात बातमीची वाट बघत बसायची, त्यामुळे काम फत्ते झालं की जशुभाई पट्ट्याच्या आवाजावर कडी करत मला ओरडून तिच्यासाठी निरोप द्यायचे. त्या दिवशीही सवयीने त्यांनी दोन्ही हात वर केले आणि ओरडले, "माधवीबेन, विनयाबेनने कहेजो, चाली गयुं!"

आणि मग त्यांच्या लक्षात आलं. हात तसेच वर राहिले... पट्टा धावत होता, झोत सुटत होते, आणि आम्ही तिघं एकमेकांकडे बघायचं टाळत उभे होतो. मी पुढे झाले आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कहीश, जशुभाई. नक्की कहीश."

विने, करजणचा निरोप आहे. चाललं गं.